खुबा मोडला तर घाई, पाठ दुखली तर धीर

हाडांच्या ऑपरेशनांवरून आपल्याकडे जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. एकीकडे घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मजकूर: गुडघे बदलणं हा निव्वळ धंदा आहे, मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो, त्यापेक्षा मेथीदाणे खा आणि तेल चोळा. दुसरीकडे हमरस्त्यावरचे फलक: पांढऱ्या कोटातले हसरे चेहरे, शेजारी रोबोचा हात आणि चौथ्या दिवशी जिना चढण्याचं आश्वासन. एकाकडे ऑपरेशननंतर काठी लागलेल्या काकांची गोष्ट असते, दुसऱ्याकडे दोन्ही वाट्या बदलून चारधाम करून आलेल्या आत्याची. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण त्यांच्या जोरावर ‘ऑपरेशन करावं की करू नये’ हे ठरवायला बसणं व्यर्थ आहे. कुठलं ऑपरेशन? कशासाठी? मोडलेल्या खुब्यात रॉड टाकणं, झिजलेला गुडघा बदलणं, दुर्बिणीतून गुडघ्यातली गादी तासणं आणि कंबरेचे दोन मणके स्क्रूनं जखडणं या चारांत थिएटर आणि भूल सोडली तर सारखं असं फारसं काही नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जिथे थांबायला हवं तिथे आपण घाई करतो आणि जिथे तासांचा हिशेब हवा तिथे आठवडे घालवतो. पाठदुखीचा एमआरआय हातात पडला की माणसाला तारीख मिळते. पंचाहत्तरीतल्या आजीचा खुबा मोडला की मात्र ‘आता या वयात कशाला चिरफाड’ म्हणून तिला खाटेवर ठेवतात. पहिल्या चुकीत पैसा जातो आणि कधी कधी पाठही, दुसरीत जीव जातो. या उलट्या क्रमाचं खापर डॉक्टरांच्या हावेवर किंवा लोकांच्या अज्ञानावर फोडणं सोपं आहे. खरं कारण त्याहून कंटाळवाणं आहे: ऑपरेशननंतर रुग्णाचं पुढे काय झालं, हे मोजायची आपल्याकडे कुणावर सक्तीच नाही.

शंका घेणाऱ्यांची बाजू लंगडी आहे असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्या हाती जो पुरावा आहे, तो त्यांना स्वतःलाही बहुधा ठाऊक नाही. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली या सर्जननं एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. गुडघे झिजलेल्या १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, दुसऱ्याचा धुऊन आतून साफ केला आणि तिसऱ्या गटाच्या कातडीवर फक्त छेद दिले. आत काहीच केलं नाही. खऱ्या ऑपरेशनचा भास व्हावा म्हणून पाण्याचा आवाजसुद्धा केला. पुढे दोन वर्षं पाठपुरावा झाला. तिन्ही गटांत वेदनेचा फरक? शून्य. २०१३ साली फिनलंडमध्ये वयोमानानं फाटलेल्या मेनिस्कसबाबत, म्हणजे गुडघ्यातल्या त्या गादीबाबत, १४६ रुग्णांवर हेच केलं गेलं आणि हाच निकाल आला. २००९ मध्ये दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराची दोन वेगवेगळ्या चाचण्यांत अशीच कसोटी लागली आणि तो नकली उपचारापेक्षा सरस ठरला नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये दुखऱ्या खांद्यातलं हाड तासण्याच्या ऑपरेशनवर पाळी आली. तिथेही नकली ऑपरेशनच्या तुलनेत लक्षात यावा इतका फायदा दिसला नाही. ही कुठल्या कोपऱ्यातली दुर्मिळ ऑपरेशनं नव्हेत. जगभर वर्षानुवर्षं लाखांच्या संख्येनं होत आलेली आहेत.

मणक्याची गोष्ट तर याहून नाजूक. कंबर धरली, आठ दिवसांत उतार पडला नाही, एमआरआय काढला. अहवालात ‘डिस्क बल्ज’, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी फुगलीय, असं लिहून आलं, आणि घरात ‘मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय’ हे कायमचं वास्तव्याला आलं. पण ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशांचे एमआरआय काढले तर काय दिसतं? २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ठणठणीत लोकांपैकी ३० टक्क्यांच्या डिस्क फुगलेल्या होत्या, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांच्या. डिस्कची झीज तर ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. याचा अर्थ एमआरआय खोटं बोलतो असा नाही. चित्रात जे दिसतं तेच दुखण्याचं कारण असेल, असं निव्वळ चित्रावरून म्हणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पायात कळ उतरणाऱ्या सायटिकाबाबत नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला हे खरं. पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच बरे झाले होते आणि थांबलेल्या गटातल्या सहा दशांश लोकांना ऑपरेशन लागलंच नाही. वयोमानानं अरुंद झालेल्या मणक्याच्या नळीचं ऑपरेशन करताना जोडीला स्क्रू टाकून मणके जखडले तर जास्त फायदा होतो का, हे स्वीडननं तपासलं. २०१६ मध्ये उत्तर आलं: दोन वर्षांनी नाही आणि पाच वर्षांनीही नाही. खर्च आणि रक्तस्राव मात्र वाढतो.

आणि पैशाचं काय? १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर कमाल किंमत लावली. ज्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची छापील किंमत सरासरी दीड लाखांच्या वर होती, तो कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. एका रात्रीत किंमत तिसऱ्या हिश्शावर येते आणि तरी माल बाजारात मिळत राहतो, तेव्हा मधला पैसा कुठे जात होता हे विचारणाऱ्याला संशयी म्हणता येईल का? अर्थात मर्यादा सांध्यावर लागली, बिलावर नाही. थिएटर, खोली, ‘कन्झ्युमेबल्स’ हे रकाने मोकळेच राहिले. रोबोही तसाच मोकळ्या रकान्यातला. त्यानं हाड अधिक नेमकं कापलं जातं हे मान्य. पण वर्षभरानं रुग्णाला तो गुडघा जास्त चांगला वाटतो, याचा ठाम पुरावा अजून पुढे आलेला नाही. फलकावर यातलं पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं.

एवढं सगळं कबूल करूनही ‘म्हणून ऑपरेशन म्हणजे फसवणूक’ हा निष्कर्ष निघत नाही. वरचे बहुतेक प्रयोग कुणी केले? तेल विकणाऱ्यांनी नव्हे, सर्जननीच केले, आपल्याच थिएटरमध्ये, आपल्याच रोजीरोटीवर सुरी चालवून. ज्या कसोटीवर दुर्बिणीची सफाई नापास झाली, त्याच कसोटीवर काही ऑपरेशनं उत्तम गुणांनी पास झाली आहेत. नापासांची यादी मिरवायची आणि पासांची लपवायची, ही शंका नव्हे, हा पक्षपात झाला.

गुडघा बदलण्याचंच घ्या. २०१५ साली डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांचे दोन गट केले. एकाला नवा गुडघा आणि व्यायाम, दुसऱ्याला गुडघा न बदलता शिस्तीत व्यायाम, आहार, औषधं, बुटातले तळवे. वर्षानंतर गुडघा बदललेल्यांपैकी ८५ टक्क्यांना लक्षणीय फरक पडला होता, न बदललेल्यांपैकी ६८ टक्क्यांना. म्हणजे ऑपरेशन जिंकलं. पण व्यायामही हरला नाही, आणि गंभीर गुंतागुंती ऑपरेशनच्या गटात जास्त झाल्या. व्यायामाच्या गटातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांनी वर्षाच्या आतच गुडघा बदलून घेतला. या एका निकालात दोन्ही पक्षांना गप्प करणारा मजकूर आहे: ज्यांना ‘आधी व्यायाम’ सांगितला जातो त्यांना तो खरोखर शिकवला जात नाही, आणि ज्यांना व्यायामानं भागत नाही त्यांना वर्षानुवर्षं ‘चालवून घ्या’ म्हणणं हाही अन्यायच आहे. बसवलेले सांधे दहा वर्षांत खराब होतात ही समजूतही जुनी झाली. २०१९ साली अनेक देशांच्या नोंदी एकत्र पाहिल्या तेव्हा शंभरातले ८२ गुडघे आणि ५८ खुबे २५ वर्षं टिकलेले आढळले. तरी साधारण पाचातला एक रुग्ण आपल्या नव्या गुडघ्यावर पुरता खूश नसतो, आणि पूर्वीसारखी ऐसपैस मांडी घालणं बहुतेकांना जमत नाही. हे आधी सांगायची जबाबदारी कुणाची? आपल्याकडे पंगतीला, पूजेला, भजनाला जमिनीवर बसायचं असतं. तिथे ‘खुर्ची लागेल’ हे दोन शब्द ऑपरेशनआधी ऐकणं आणि नंतर ऐकणं यांत फार फरक पडतो.

अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. देशभर रोज बातम्या छापून आल्या आणि गुडघा बदलतात हे खेड्यापाड्यांत पोहोचलं. पण पोहोचलं ते पुढाऱ्यांचं आणि पैसेवाल्यांचं ऑपरेशन म्हणून. गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा बायकांत जास्त होते, आणि आपल्या घरांत बाईच्या गुडघ्याची दखल ती ओट्याशी उभी राहू शकेनाशी झाली की मगच घेतली जाते. तोवर पाय धनुष्यासारखे वाकलेले असतात. गरज नसलेल्यांचे गुडघे उघडले जातात म्हणून ओरडणाऱ्यांनी गरज असूनही वीस वर्षं फरपटत चालणाऱ्या या बायकांनाही हिशेबात धरायला नको का?

आता खुब्याकडे येतो. या लेखातला माझा सगळा राग तिथे साठलेला आहे. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरतं, खुब्याचं हाड मोडतं. ही मोड दोन प्रकारची. एक सांध्याच्या आतली, हाडाच्या मानेवरची. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोहोचवणाऱ्या बारीक वाहिन्या या मानेवरूनच वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात, गोळा उपाशी पडतो, आणि कितीही महिने वाट पाहिली तरी हाड जुळण्याची शाश्वती नसते. म्हणून म्हातारपणी तो गोळाच बदलतात. लोकांच्या भाषेत ‘बॉल टाकतात’. दुसरी मोड थोडी खाली, सांध्याबाहेर. तिथे रक्तपुरवठा भरपूर, हाड जुळतंही. पण केव्हा? पायाला वजन लावून दोन-तीन महिने उताणं पडून राहिल्यावर. सत्तर-ऐंशीच्या माणसाचं हाड जुळेपर्यंत ते माणूस उरत नाही. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायातल्या शिरेत गाठ होऊन फुप्फुसात जाते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, भान हरपतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण काहीही लिहिलेलं असो, आजी गेलेली असते ती खाटेमुळे. रॉड टाकायचा तो हाड जुळावं म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं करता यावं म्हणून.

म्हणून ‘या वयात ऑपरेशन कशाला’ हा प्रश्नच उफराटा आहे. पंचविशीतला पोरगा दोन महिने पडून राहिला तर कंटाळतो. ऐंशीची आजी पडून राहिली तर मरते. ऑपरेशनचं कारण तिचं वयच आहे. यावर दोन बळकट आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला असा की ऑपरेशन करूनही हे रुग्ण दगावतात. खरं आहे. चांगल्या सोयी असलेल्या देशांतही खुबा मोडलेल्यांपैकी पाचातला एक किंवा त्याहून जास्त जण वर्षाच्या आत जातात, कारण पडणं हेच मुळात ढासळलेल्या प्रकृतीचं लक्षण असतं. दुसरा आक्षेप असा की हृदय, शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे सगळं आधी सांभाळावं लागतं. घाई कशी करणार? यावर भारतासह १७ देशांतल्या २,९७० रुग्णांची चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. सहा तासांत ऑपरेशन केलं काय नि चोवीस तासांत केलं काय, मृत्यूंत फरक पडला नाही. मात्र लवकर ऑपरेशन झालेल्यांत भ्रम कमी झाला आणि ते लवकर चालू लागले. म्हणजे जीव वाचवायला मध्यरात्री धावपळ करायची गरज नाही. पण तुलना कशाशी होती पाहा: सहा तास विरुद्ध चोवीस तास. आपल्याकडे तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून शहराला, मग इको, मग फिजिशियनची फिटनेस, मग मुंबईहून थोरला मुलगा येईपर्यंत थांबा, मग पैशाची जुळवाजुळव. आठवडा सहज जातो. इतक्या उशिराला त्या चाचणीचा आधार घेता येत नाही.

इंग्लंडनं काय केलं ते सांगण्यासारखं आहे. २००७ पासून तिथे खुबा मोडलेल्या वृद्ध रुग्णांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली, आणि २०१० पासून ३६ तासांच्या आत ऑपरेशन व वृद्धांच्या तज्ज्ञ डॉक्टरची देखरेख या अटी पाळल्या तर रुग्णालयाला त्या रुग्णामागे जास्त पैसे मिळू लागले. तीस दिवसांतले मृत्यू २००७ मध्ये १०.९ टक्के होते, २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही की नवा सांधा. लागलं फक्त घड्याळ आणि नोंदवही.

खाटेवर झोपवून ठेवण्याचा आग्रह पूर्वी डॉक्टरांचाही होता, हे इथे आठवावं. मांडीचं हाड मोडलं तर महिनोन्‌महिने पाय टांगून ठेवणं हाच शास्त्रशुद्ध उपचार मानला जाई. १९३९ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेऱ्हार्ट क्युंटशर या सर्जननं हाडाच्या पोकळीत पोलादी सळई ठोकून माणसं काही दिवसांत उभी केली. त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे युद्ध संपताना सुटून आलेल्या ब्रिटिश-अमेरिकी युद्धकैद्यांचे एक्स-रे निघाले, तेव्हा मांडीत लांबलचक सळई पाहून तिकडचे डॉक्टर चक्रावले. शत्रूनं आपल्या सैनिकांवर भलते प्रयोग केले असावेत, असा संशयही आला. ते सैनिक मात्र चालत होते. आज तालुक्याच्या गावी जो ‘रॉड’ टाकतात, तो या सळईचाच वंशज.

उलट दिशेचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि त्याचा पुरेसा अभिमान आपण बाळगलेला नाही. मणक्याच्या टीबीवर पन्नास-साठच्या दशकांत हाँगकाँगच्या सर्जननी मोठं ऑपरेशन रूढ केलं: छातीतून किंवा पोटातून जाऊन सडलेला मणका पूर्ण काढायचा आणि तिथे हाड बसवायचं, सगळ्यांनाच. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांच्यापुढे रुग्ण शेकड्यांनी होते आणि थिएटरं मोजकी. त्यांनी सगळ्यांना टीबीची औषधं आणि विश्रांती दिली, आणि ज्यांच्या पायांतली शक्ती औषधानं परत येईना किंवा घटतच गेली, त्यांचंच ऑपरेशन केलं. १९७५ साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केले. या ‘मध्यम मार्गा’नं बहुतेक रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे झाले होते. यातली खुबी केवळ संयमाची नाही. कुणाला थांबवायचं आणि कुणाला ताबडतोब टेबलावर घ्यायचं याची अट त्यांनी आधी लिहून ठेवली होती, आणि मग प्रत्येकाचं काय झालं ते मोजलं. पाठदुखीवाल्याला धीर धरायला सांगणाऱ्यानंही तीच अट सोबत सांगितली पाहिजे: लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर धीर संपला, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ‘मणक्याला कधीच हात लावू देऊ नका’ असं छातीठोक सांगणाऱ्यांमुळे असे रुग्ण चार दिवस उशिरा येतात आणि जन्मभर लघवीची पिशवी बाळगतात.

ऑपरेशन नको म्हणणारा रुग्ण रिकामा बसत नाही, हेही या वादात कुणी बोलत नाही. तो हाडवैद्याकडे जातो, ‘वंगणाची’ इंजेक्शनं घेतो, स्टेम सेलच्या नावानं लाखभर रुपये देऊन येतो. हाडवैद्यांना यश येतं हे मी नाकारत नाही. गळपट्टीचं हाड, बरगडी, लहान मुलांच्या बऱ्याच मोडी निसर्गच जुळवतो. पट्टी कुणी का बांधेना. पण बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यानं रक्त थांबून बोटं आखडलेली, हात काळा पडलेली मुलं जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना नवीन नाहीत. ऑपरेशनच्या दुष्परिणामांची चर्चा होते, कारण त्याचं बिल असतं, कागद असतात, कोर्ट असतं. कामटीचा कागद कुठे असतो?

मग सामान्य माणसानं करायचं काय? ‘सेकंड ओपिनियन घ्या’ हे ठरलेलं उत्तर. घ्यावंच; तो रुग्णाचा हक्क आहे. पण त्यावर किती भिस्त ठेवायची ते १९३४ च्या एका जुन्या प्रयोगावरून कळतं. न्यूयॉर्कमध्ये शाळेतली १,००० मुलं तपासली. ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांपैकी ४५ टक्क्यांचे काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटलं, ती दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी त्यातल्या ४६ टक्क्यांना काढायला सांगितलं. पुन्हा उरलेली तिसऱ्यांकडे गेली, ४४ टक्के. घशात काय दिसतं यापेक्षा ‘साधारण निम्म्यांचे काढायचे असतात’ ही सवय निर्णय घेत होती. तशाच सवयीत वाढलेल्या दुसऱ्या डॉक्टरला विचारून तुम्हाला दुसरं मत मिळत नाही, पहिल्याचीच दुसरी प्रत मिळते. विचारायचंच तर असं विचारावं: ‘हे केलंच नाही तर सहा महिन्यांनी मी कसा असेन?’ पाठीच्या बहुतेक दुखण्यांत उत्तर ‘बराच बरा’ असं येईल. मोडलेल्या खुब्यात तसं उत्तर कुणी प्रामाणिकपणे देऊच शकत नाही.

सर्जनच्या बाजूनंही बोललं पाहिजे. शंभर किलोमीटरवरून आलेला रुग्ण ‘फक्त व्यायामच सांगितला’ म्हणून नाराज होऊन जातो आणि पुढच्या गल्लीत इंजेक्शन घेतो. आरोग्य विमा चोवीस तास भरती झालेल्याचे पैसे देतो. तीन महिने आठवड्यातून दोनदा फिजिओकडे जाणाऱ्याला बहुतेक पॉलिसींत दमडी मिळत नाही. सरकारी योजनांची पॅकेजंही मुख्यतः भरतीची आणि ऑपरेशनचीच. जो समाज कापण्याचे पैसे देतो आणि समजावण्याचे देत नाही, त्याला कापणारेच जास्त मिळणार. यात एकेका डॉक्टरला खलनायक ठरवून काय साधणार?

म्हणूनच मी नीतिमत्तेच्या आवाहनांपेक्षा नोंदवहीवर जास्त विश्वास ठेवतो. शंभर वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन एक साधी मागणी करत होता: प्रत्येक रुग्णाला वर्षभरानं बोलावून विचारा, उपयोग झाला का; झाला नसेल तर का, आणि हे छापा. मोठ्या रुग्णालयानं ऐकलं नाही तेव्हा १९१४ मध्ये त्यानं तिथला राजीनामा दिला आणि स्वतःच्या छोट्या रुग्णालयात हे करून दाखवलं. १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांत त्यानं स्वतःच्या १२३ चुका नोंदवल्या, आणि त्या छापल्या! १९१५ च्या एका सभेत व्यंगचित्र लावून त्यानं बड्या डॉक्टरांची आणि शहरातल्या प्रतिष्ठितांची टर उडवली, तेव्हा त्याला वाळीत टाकलं गेलं. पण कल्पना मेली नाही. स्वीडननं १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंद सुरू केली.

अशा नोंदीनं काय होतं, हे आपल्याला एका कटू प्रसंगातून कळलेलं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा जगभर सुमारे ९३,००० जणांना बसला. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत त्याचं अपयश लवकर दिसू लागलं; २००९ च्या डिसेंबरात तिथून तो मागे घेतला गेला, २०१० च्या ऑगस्टमध्ये जगभरातून. भारतात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. नुकसानभरपाईचा प्रश्न आला तेव्हा त्यांतल्या तीन हजारांहून जास्त रुग्णांचा पत्ताच लागेना. शरीरात धातूचे कण झिरपत असलेली ती माणसं कोण, कुठे, हे सांगेल असा एक कागद देशात नव्हता. आजही सांधे बदलणाऱ्या सर्जनच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. ज्याचे निकाल चांगले, तो भरणार.

यावर डॉक्टरांचा जो आक्षेप आहे तो पोकळ नाही. आकडे जाहीर झाले तर मधुमेह, हृदयविकार असलेल्या अवघड रुग्णांना कुणी हात लावणार नाही, आणि त्यात पहिला बळी त्या खुबा मोडलेल्या आजीचाच जाईल. म्हणून आकडे वय आणि आजार जमेस धरून मांडावे लागतात, आणि सुरुवातीला एकेका सर्जनचे नव्हे तर रुग्णालयांचे छापावे लागतात. इंग्लंड-वेल्सची सांध्यांची नोंदवही २००३ पासून चालू आहे. तिथे सांधे बदलणं थांबलेलं नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक ऑपरेशनआधी मंजुरी लागते, नंतर क्लेम जातो. रुग्णाचं नाव, वय, मोबाइल, एक्स-रे सरकारच्या संगणकात असतातच. त्यात चार गोष्टी वाढवायच्या: हाड मोडलं केव्हा, ऑपरेशन झालं केव्हा, आत बसवलेल्या वस्तूचा क्रमांक काय, आणि वर्षभरानं फोन केला तेव्हा रुग्ण जिवंत होता का, चालत होता का. सुरुवात खुब्याच्या मोडीपासून करावी, कारण तिथे ऑपरेशन लागतं की नाही याबद्दल वादाला जागा कमी आणि उशीर तासांत मोजता येतो. योजनेबाहेरच्या खासगी रुग्णालयांना पुढे कायद्यानं आणावं लागेल. योजनेतल्यांसाठी एक शासन निर्णय पुरतो.